त्यात काय लिहायचं, घरचंच काम आहे

रविवारी दुपारी तीन ते पाच मी फलटणच्या एका वाचनालयात बसते. खाली पेपर वाचायला आलेली ज्येष्ठ मंडळी, वर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं, आणि जिन्याखालच्या छोट्या खोलीत एक संगणक, एक प्रिंटर आणि मी. ज्याला नोकरीसाठी ऑनलाइन अर्ज करायचा आहे त्याच्या शेजारी बसून त्याचा सीव्ही लिहायचा, एवढंच माझं काम. फी नाही, क्लास नाही. त्याआधी चौदा वर्षं मी पुण्यात होते, चाकणच्या कारखान्यांना माणसं शोधून देणाऱ्या एका कंपनीत. दिवसाला दीड-दोनशे सीव्ही डोळ्यांखालून जायचे. कागद खूप वाचले, पण त्या कागदातून माणूस फार थोड्या वेळा दिसला. ती हुरहुर अजून आहे, म्हणून रविवारची ही खोली.

गेल्या जूनमध्ये एक मुलगा आला. बीएस्सी केमिस्ट्री, पास होऊन वर्ष उलटलेलं. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दोन पानांचा रंगीत सीव्ही. मोबाईलमध्ये त्याने कुठे कुठे अर्ज केले त्याची यादी ठेवली होती. एकसष्ट अर्ज, आणि एकाही ठिकाणाहून फोन नाही.

"ताई, सीव्हीतच काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "फॉरमॅट तर चांगला घेतलाय नेटवरून."

फॉरमॅट दिसायला खरंच देखणा होता. डाव्या बाजूला निळी पट्टी, तिच्यात गोल फोटो, फोटोखाली कौशल्यांना दिलेले तारे. कम्युनिकेशन, पाचपैकी चार. लीडरशिप, पाचपैकी साडेतीन. हे तारे कुणी मोजले, कशाशी ताडून मोजले, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. उजवीकडे सगळ्यात वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह': आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावायचा आहे, अशा अर्थाचं एक लांबलचक इंग्रजी वाक्य. पुण्यात असताना हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की पुढे पुढे नजर त्यावर थांबायचीच नाही. पानाचा वरचा तिसरा हिस्सा म्हणजे दुकानाचं दर्शनी फळकूट. वाचणारा तिथे थांबला तर खाली उतरतो. तिथेच आपण जगातल्या कुणालाही लागू पडेल असं वाक्य टांगून ठेवतो.

मी पान बाजूला ठेवलं आणि विचारलं, "सकाळी कितीला उठतोस?"

"साडेपाचला."

"एवढ्या लवकर का?"

"डेअरी उघडायची असते ना."

मग हळूहळू निघत गेलं. गावात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दूध संकलन केंद्र आहे. त्याची बारावी झाली तेव्हा वडिलांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हापासून चार वर्षं केंद्र हाच बघतो. सहाला पहिली किटली येते. दूध ढवळायचं, मापाने नमुना काढायचा, मशीनला लावायचा. मिनिटाभरात पडद्यावर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), डिग्री (दुधाचा दाटपणा). काट्यावर वजन, उत्पादकाचा कोड नंबर, पावती. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया. त्याच्या खाली पॉइंटागणिक दर उतरतो. त्यामुळे एखाद्याची एसएनएफ ८.२ लागली की तो माणूस काउंटरवरून हलत नाही. कालपर्यंत बसत होती, आजच कशी बसत नाही? अशा वेळी हा त्याच्यासमोर नमुना परत लावतो. तरी पटलं नाही तर लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा दाटपणा दाखवणारी तरंगती नळी, सोडून दाखवतो, आणि नुकतंच काढलेलं कोमट दूध असेल तर रीडिंग कमी येतं, दूध जरा निवू द्या, हेही समजावून सांगतो. बेचाळीस उत्पादक. दोन्ही वेळचं मिळून सहाशे लिटरच्या आसपास दूध. दर दहा दिवसांनी बिलं, त्यातून पशुखाद्याची उचल वजा. केंद्रावर नोंदलेलं दूध आणि टँकरवाल्याने मोजलेलं दूध यांचा रोजचा मेळ. शेवटचा माणूस गेला की मशीन गरम पाण्याने धुवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी रीडिंग चुकतं.

"परीक्षेच्या दिवसांत?"

"तेव्हा बहीण बसते."

हे सगळं सांगताना तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. आल्यापासून पहिल्यांदाच त्याचे हात हलत होते.

"मग यातलं एक अक्षरही इथे का नाही?" मी त्या रंगीत पानावर बोट ठेवून विचारलं.

"त्यात काय लिहायचं, ताई? घरचंच काम आहे."

हे वाक्य मी त्या खोलीत किती वेळा ऐकलंय त्याला मोजदाद नाही. आईची मेस आहे, चाळीस डबे जातात, किराणा आणि वसुली मी बघते, पण ते घरचंच. काकांचं वेल्डिंगचं दुकान आहे, गेट आणि ग्रिलची मापं मीच घेतो, पण ते काय लिहायचं. बचत गटाचं रजिस्टर मी लिहिते, बँकेत मीच जाते, पण पगार थोडाच मिळतो त्याचा. ज्या कामाची पगाराची स्लिप नाही ते काम नाही, असं आपल्या मनात कुणीतरी फार लहानपणी ठसवून ठेवलेलं आहे. ते कुणी ठसवलं याचा मी पुष्कळ विचार केला.

मला वाटतं, आपला सीव्ही दोन घरांचा वारसा घेऊन आला. एक सरकारी अर्ज आणि दुसरा लग्नाचा बायोडाटा.

माझ्या वडिलांकडे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड होतं. दर तीन वर्षांनी नूतनीकरण, तेही तारीख चुकवून चालायचं नाही. १९७६ साली केंद्र सरकारने 'एम्प्लॉयमेंट न्यूज' आणि हिंदीतला 'रोजगार समाचार' सुरू केला. आमच्या भागात तो वाचनालयात यायचा आणि दुपारपर्यंत त्याची पानं चुरगळून गेलेली असायची. मग फूलस्केप कागदावर अर्ज. नाव, जात, शिक्षण, टक्केवारी, टायपिंगचा वेग. गुणपत्रिकेच्या सत्यप्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवायला दोन-दोन दिवस फेऱ्या. वडील तेव्हा एका गुऱ्हाळावर हिशोब ठेवायचे. कोणत्या शेतकऱ्याचा किती ऊस आला, किती ढेपा निघाल्या, अडत्याकडून किती पैसे यायचे आहेत, सगळं त्यांच्या वहीत. पण अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणून ते लिहिलं नाही, आणि लिहिलं नाही म्हणून पुढे त्यांना स्वतःलाही ते मोजण्यासारखं वाटेनासं झालं. सरकारी अर्ज प्रमाणपत्रं मागायचा, म्हणून आपण प्रमाणपत्रांची यादी करायला शिकलो. आजही माझ्यासमोर येणाऱ्या जवळपास प्रत्येक पानाच्या तळाशी 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे', खाली ठिकाण, दिनांक, सही असतं. ते त्या फूलस्केपातून आलेलं आहे. खाजगी कंपनीच्या ऑनलाइन अर्जाला त्याची काही गरज नाही. त्या चार ओळींच्या जागेत एक खरं काम मावतं.

दुसरा वारसा बायोडाट्याचा. वडिलांचं नाव, त्यांचा व्यवसाय, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, कधीकधी उंचीसुद्धा. हा माणूस कुणाचा, हे सांगणारी सगळी माहिती. याला काय येतं, हे सांगणारी एकही ओळ नाही.

या ओळी काढा असं मी सांगते, आणि त्याचं कारण जागा वाचवणं एवढंच नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना त्यांनी हजारोंनी अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारख्या तोलाचा, फरक फक्त नावांचा. सवर्ण हिंदू वाटणाऱ्या नावांना जितक्या प्रमाणात बोलावणी आली, तितकी दलित वाटणाऱ्या नावांना आली नाहीत, आणि मुस्लीम नावांना त्याहून कमी आली. तो अभ्यास मी नोकरीत असताना वाचला आणि पुढचे कित्येक दिवस माझं कामात लक्ष लागलं नाही. माझ्या टेबलावर असं कधी घडलं नसेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नाव तर सीव्हीवर राहणारच, आणि ते अभिमानाने राहावं. तिथे सुधारायचंय ते वाचणाऱ्याने. पण ज्या रकान्यांचा कामाशी काडीचाही संबंध नाही, ते आपण होऊन कुणाच्या हातात का द्यायचे? धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, हे सगळं माझ्या मते सीव्हीतून जायला हवं. आधार आणि पॅन नंबर तर कधीच नकोत. अनोळखी माणसांच्या हाती पडणारा हा कागद आहे. आणि इंटरव्ह्यूसाठी, ट्रेनिंगसाठी किंवा लॅपटॉपच्या नावाखाली आधी पैसे भरा म्हणणारा फोन आला तर तो नोकरीचा फोन नाही, हे मी प्रत्येकाला दारातून बाहेर पडताना परत एकदा सांगते.

फोटोचं मात्र देशादेशावर असतं. २०२४ साली महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबद्दल करार झाला, त्यानंतर आयटीआय झालेली दोन-तीन मुलं माझ्याकडे चौकशीला येऊन गेली. जर्मनीत सीव्हीला लेबेन्सलाउफ म्हणतात. त्यावर फोटो लावायची जुनी पद्धत अजून बरीच टिकून आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये फोटो लावत नाहीत. आपल्याकडे जाहिरातीत मागितला नसेल तर लावू नये.

आता यंत्राबद्दल. मुलांच्या मनात या यंत्राची फार भीती असते. मोठ्या कंपन्यांमध्ये आलेले अर्ज एका सॉफ्टवेअरमध्ये जातात, त्याला एटीएस म्हणतात. हे सॉफ्टवेअर तुमच्या फाईलमधला मजकूर उचलतं आणि नाव, शिक्षण, नोकऱ्या, कौशल्यं अशा कप्प्यांत भरायला बघतं. मग माझ्यासारखी कुणीतरी त्यात शोधते. जाहिरातीत जे शब्द आहेत तेच शब्द टाकून, ठिकाण निवडून, अनुभवाची वर्षं निवडून. म्हणजे बऱ्याच वेळा यंत्र तुम्हाला नाकारत नाही, तुम्ही शोधात सापडतच नाही.

हे मी एका माणसाच्या बाबतीत केलं. एका कारखान्याला व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन, चालवणारा ऑपरेटर हवा होता, फानुक कंपनीच्या कंट्रोलवर काम केलेला. मी शब्द टाकले, यादी आली, त्यातून आठ जण पाठवले. महिन्याभराने त्या कारखान्यातला एक सुपरवायझर म्हणाला, माझ्या ओळखीच्या एकाने तुमच्याकडे अर्ज केला होता, त्याला का बोलावलं नाही? मी शोधलं. अर्ज होता. त्याने सुवाच्य अक्षरात कागदावर सीव्ही लिहून, मोबाईलने फोटो काढून, त्याची पीडीएफ करून पाठवली होती. यंत्राच्या दृष्टीने ते एक चित्र होतं, त्यात एकही शब्द नव्हता. मी ती फाईल पहिल्यांदा उघडली तेव्हा तिच्यात सहा वर्षांचा फानुकचा अनुभव, ड्रॉइंग वाचता येतं, मायक्रोमीटर आणि बोअर गेजवर माप घेता येतं, किती मायक्रॉनमध्ये जॉब बसवला, सगळं निळ्या शाईत लिहिलेलं होतं. मी वाचलेल्या उत्तम सीव्हींपैकी तो एक आहे. जागा भरून गेली होती. मी त्याला फोन केला, पण सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

म्हणून मी रकान्यांच्या, पट्ट्यांच्या, दोन कॉलमच्या फॉरमॅटवर एवढी हटून बसते. दोन कॉलम असले की काही सॉफ्टवेअर डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ जोडून वाचतात. चित्रात लिहिलेला मजकूर हरवतो. पानाच्या अगदी वरच्या हेडरच्या जागेत टाकलेला फोन नंबर कधीकधी उचललाच जात नाही, आणि फोन नंबरच गेला तर बाकीचं कशाला? जुन्या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने टाइप केलेलं गावाचं किंवा शाळेचं नाव दुसऱ्या संगणकावर तुटक्या चिन्हांची रांग होऊन उमटतं. एक कॉलम, साधा फॉन्ट, साधी शीर्षकं, वर्डमधून थेट सेव्ह केलेली पीडीएफ. फाईल बरोबर झाली की नाही हे तपासायची माझी पद्धत सोपी आहे: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे वाचता येतं तेच यंत्रालाही वाचता येणार. त्या मुलाचा निळ्या पट्टीचा सीव्ही आम्ही असा चिकटवून पाहिला. त्याचं नाव तिसऱ्या ओळीत 'हॉबीज'च्या मध्ये जाऊन पडलं होतं. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

मग आम्ही कोरं पान घेतलं. माझी एक अट असते: आधी मराठीत बोलायचं. अर्ज इंग्रजीतून जाणार हे खरं, पण इंग्रजीत विचार करायला लागलं की ही मुलं लगेच त्या ठरावीक वाक्यांकडे वळतात. रिस्पॉन्सिबल फॉर, हँडल्ड व्हेरियस, गुड नॉलेज ऑफ. मराठीत मात्र ती खोटं किंवा मोघम बोलूच शकत नाहीत. "काय करायचास?" म्हटल्यावर कुणी "मी विविध जबाबदाऱ्या हाताळल्या" असं म्हणत नाही. "नमुना काढायचो, मशीनला लावायचो, वहीत लिहायचो" असंच म्हणतो. क्रियापद आपोआप येतं. मी ते जसंच्या तसं लिहून घेते, आणि मग आम्ही दोघं मिळून त्याचं साधं इंग्रजी करतो.

आता चॅटजीपीटी आहे, त्याला सांगितलं की मिनिटात सीव्ही मिळतो. व्याकरण तपासायला, स्पेलिंग सुधारायला मुलांनी ते जरूर वापरावं. पण त्याला आपल्याबद्दल काही माहीत नसतं. आपण दिलेल्या दोन ओळींवरून ते दहा ओळी करतं, आणि त्या दहा ओळी सगळ्यांच्या सारख्याच असतात. एका मुलीच्या पानावर अशी एक भारदस्त ओळ होती, मी तिला फक्त विचारलं, याचा अर्थ मला मराठीत सांग. ती गप्प झाली. ती ओळ आम्ही काढली. जे तोंडाने सांगता येत नाही ते कागदावर ठेवू नये, कारण इंटरव्ह्यूला समोरचा नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवतो.

खोटं लिहू नये हे मी नीतीच्या गोष्टीसारखं सांगत नाही, कामाचं म्हणून सांगते. २०१४पासून पीएफला यूएएन नंबर आहे, नोकरी बदलली तरी तोच राहणारा. कोणत्या कंपनीत कधी लागलात आणि कधी सोडलंत ते त्यात दिसतं, आणि कंपन्या ते पडताळून बघतात. सात महिन्यांचं वर्ष करायचा मोह होतो. सात महिनेच लिहा. त्या सात महिन्यांत काय शिकलात ते मात्र नीट लिहा.

मधल्या रिकाम्या वर्षांचंही तसंच. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालेली एक बाई आली होती. लग्नाआधी चार वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मग सासूबाईंच्या आजारपणात नऊ वर्षं घरी. ती ती नऊ वर्षं लपवायला बघत होती, जुन्या नोकरीच्या तारखाच काढून टाकल्या होत्या. त्यामुळे तो सीव्ही संशयास्पद दिसायला लागला होता. आम्ही सरळ लिहिलं: २०१५ ते २०२४, घरातल्या रुग्णाची देखभाल. त्याखाली एक ओळ, इन्सुलिन देणं, शुगर आणि बीपीची रोजची नोंद, डायलिसिसच्या वेळा सांभाळणं. ती म्हणाली, हे चालतं? मी म्हटलं, लॅबला आणखी काय हवं असतं? वेळेवर येणारं आणि नोंद न चुकवणारं माणूसच हवं असतं ना. तिने गेल्या महिन्यात हातावर सुईचा सराव व्हावा म्हणून एका छोट्या लॅबमध्ये सकाळचे दोन तास काम सुरू केलंय. तेही आम्ही लगेच वरती टाकलं.

डेअरीच्या मुलाकडे परत येते. त्याने एका अन्नप्रक्रिया कारखान्याची जाहिरात उघडली. क्वालिटी कंट्रोल असिस्टंट. तिच्यात चार-पाच शब्द पुन्हा पुन्हा येत होते: सॅम्पलिंग, टेस्टिंग, रेकॉर्ड मेंटेनन्स, कॅलिब्रेशन, शिफ्ट. मी त्याला विचारलं, यातलं तू काय करतोस? तो एकेका शब्दावर थांबला. सॅम्पलिंग, हो. टेस्टिंग, हो. नोंदी, हो. कॅलिब्रेशन म्हणजे? मशीन बरोबर दाखवतंय का ते ठरावीक दिवसांनी पडताळणं. "मग ते कंपनीचा माणूस येऊन करतो, मी नुसता शेजारी उभा असतो," तो म्हणाला. ठीक, कॅलिब्रेशन लिहायचं नाही. जाहिरातीतला शब्द आपल्या कामाला खरोखर बसत असेल तरच घ्यायचा, आणि बसत असेल तर अगदी तोच घ्यायचा, कारण शोधणारी बाई तोच शब्द टाकणार आहे.

पहिली ओळ करायला पाऊण तास लागला. आधी त्याने लिहिलं, 'वर्क्ड इन फॅमिली मिल्क सेंटर'. मी म्हटलं, यातून मला काय दिसलं? किटली दिसली? पावती दिसली? मग त्याने किती, कधी, कुणासाठी हे घालायला सुरुवात केली. शेवटी जे झालं ते असं होतं: टेस्टेड मिल्क सॅम्पल्स फॉर फॅट अँड एसएनएफ ट्वाइस डेली फॉर ४२ सप्लायर्स, अराउंड ६०० लिटर्स अ डे. दुसरी ओळ: प्रिपेअर्ड टेन-डे पेमेंट बिल्स आफ्टर डिडक्टिंग अ‍ॅडव्हान्सेस. तिसरी: मॅच्ड डेली कलेक्शन विथ टँकर वेट. चौथी त्याने स्वतःहून सुचवली: तक्रार आली तर उत्पादकासमोर नमुना पुन्हा तपासला. ती आम्ही रीटेस्टेड सॅम्पल्स इन फ्रंट ऑफ सप्लायर्स टू सेटल कम्प्लेंट्स अशी केली. तारे गेले, निळी पट्टी गेली, हॉबीज गेल्या. पदवीच्या प्रयोगशाळेत केलेल्या टायट्रेशनची एक ओळ राहिली, कारण ते त्याला समजावून सांगता येत होतं. मी विचारून घेतलं. एक पान झालं. त्या पानाची फाईल त्याने 'रिझ्युमे फायनल न्यू' या नावाने सेव्ह केली होती, ते पुसून त्याचं नाव आणि पदाचं नाव घातलं. पुणे आणि सातारा दोन्हीकडे जायची तयारी आहे, लगेच रुजू होता येईल, या दोन गोष्टी अर्जातल्या प्रश्नांत नीट भरल्या. त्या प्रश्नांवरच अर्धे अर्ज गळतात आणि मुलं ते घाईघाईत भरतात.

प्रिंट काढून त्याने पान हातात घेतलं आणि खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वरून. काही बोलला नाही. पावणेपाच झाले होते, संध्याकाळचं कलेक्शन साडेपाचला सुरू होतं, तो पळाला.

नंतरच्या पंधरा दिवसांत त्याने सातच अर्ज केले. प्रत्येक अर्जाला जाहिरात वाचून वरच्या तीन-चार ओळी मागेपुढे केल्या. एका संध्याकाळी आठच्या सुमाराला त्याचा मला फोन आला. मागे किटल्यांचे आवाज येत होते. कारखान्यातून एचआरचा कॉल आला होता, नेमका कलेक्शनच्या वेळेत. त्याने दहा मिनिटं मागून घेतली, रांग संपवली आणि परत फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, उत्पादकासमोर नमुना पुन्हा तपासता म्हणजे नक्की काय करता? तो सांगत सुटला. दूध निवू देण्यापासून लॅक्टोमीटरपर्यंत सगळं. गुरुवारी अकरा वाजता प्रत्यक्ष बोलावलं होतं.

"गुरुवारी सकाळचं कलेक्शन कोण बघणार?" मी विचारलं.

"बहीण आहे ना. तिला सगळं येतं, ताई. माझ्यापेक्षा तिचा मेळ बरोबर लागतो. बिलं तर आता तीच करते."

"ती काय करते? शिकते?"

"बीकॉम झाली. घरीच असते, नोकरी बघतेय ती पण."

"तिचा सीव्ही आहे?"

"आहे. पण तिचा अनुभव काहीच नाही."

फोनवर क्षणभर कुणीच बोललं नाही. मग तोच म्हणाला, "रविवारी घेऊन येतो तिला."